नववं गाणं अडलंय

२ फेब्रुवारी

सीडी परत नवव्यावरच अडली! आधीची आठ गाणी कॉम्प्युटरनं कशी भराभर उतरवून घेतली. पडद्यावरची हिरवी पट्टी या टोकाकडून त्या टोकाला सरकायची, टिंग वाजायचं, की पुढचं गाणं. नववं आलं की पट्टी मध्यावर येते आणि फतकल मारून बसते. सीडीचा ड्राइव्ह आतून घरघरतो, खट् करतो, थांबतो, परत घरघरतो. मग लाल अक्षरांत सूचना – वाचताना चूक झाली, पुन्हा प्रयत्न करायचा का? हो. पुन्हा. हो. पुन्हा. सकाळ अशी गेली.

ही खिडकीपाशी खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होती. उजवा हात मांडीवरच्या उशीवर, जिथे ठेवला तिथेच. मी म्हटलं, येईल गं, येईल. ती म्हणाली, "बरं का."

आजारानंतर हिच्यापाशी एवढंच उरलंय. पाणी हवं तरी बरं का, खिडकी लावा तरी बरं का, माझा राग आला तरी बरं का. जन्मभर वर्गात 'मुलांनो, बरं का' म्हणत आली. सगळी भाषा घर सोडून गेली, हे दोन शब्द तेवढे उंबऱ्यावर विसरल्यासारखे राहिले. समजतं सगळं. मी वर्तमानपत्र उलटं धरलं तर बोट दाखवून हसते. फक्त शब्द येत नाही. तोंड उघडते, शोधते, डोळ्यांत दिसतं की तो अगदी जवळ आलाय – आणि निघतं ते 'बरं का'. मग मान खाली घालते. ते मला बघवत नाही.

३ फेब्रुवारी

आज दवाखाना. हिला बोलायला शिकवणाऱ्या ज्या बाई आहेत त्यांना मी मनातल्या मनात बोलक्या बाई म्हणतो. त्यांचंच म्हणणं, की बोलणं आणि गाणं शेजारी असली तरी एका घरात राहत नाहीत. एकाचं घर पडलं तरी दुसऱ्याचं उभं असू शकतं. म्हणून हिनं स्वतः गायलेलं काही असेल तर आणा, फोनवर घालून आणा, रोज कानावर पडू द्या.

आठ गाणी नेली होती. लेकीनं तिच्या फोनवर लावली. हिचे डोळे भरून आले. डाव्या हातानं मांडीवर ताल धरला. पण ओठ मिटलेले! स्वतःच्याच कार्यक्रमाला श्रोता म्हणून येऊन बसल्यासारखी ऐकत राहिली. गाणं संपलं की मान हलवायची – छान झालं.

निघताना बाईंनी मला बाजूला घेतलं. महिनाअखेरीला मोठे डॉक्टर तपासणार. तोवर काहीच हललं नाही तर हे मंगळवार-शुक्रवारचे तास बंद होतील. जागा थोड्या, रांगेत माणसं फार. "सुरुवातीच्या महिन्यांत जे परत येतं ते येतं, आजोबा," म्हणाल्या. आवाज मऊ होता, पण बोलणं मऊ नव्हतं.

मला ठाऊक आहे काय कमी पडतंय. नववं कमी पडतंय. हिचं सगळ्यांत लाडकं तेच.

५ फेब्रुवारी

तबकडीची जन्मकथा इथे लिहून ठेवतो, म्हणजे डोकं शांत होईल.

ही निवृत्त झाली तेव्हा शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांनी हट्ट धरला – बाईंनी कवितांना लावलेल्या चाली जपून ठेवायच्या. त्यांच्या भावाकडे ध्वनिमुद्रणाची यंत्रं होती. शिक्षकांच्या खोलीत खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या, पंखा बंद केला आणि ही घाम पुसत पुसत नऊ कविता गायली. एकच सीडी निघाली. 'आणखी काढून देतो' म्हणणारा भाऊ पुढे परदेशी गेला, यंत्रं भंगारात गेली, मास्तरही गेले. उरली ही एकुलती एक. ती आम्ही इतकी जपली, इतकी जपली, की फारशी ऐकलीच नाही.

नववी कविता चौथीच्या पुस्तकातली. हिची शाळा वेगळी, माझी वेगळी, पुस्तक एकच. कवीचं नाव पुस्तकातही नव्हतं. आमची नुकती ओळख झाली होती तेव्हा एकदा चालता चालता मी सहज पहिली ओळ म्हटली आणि हिनं पुढची सगळी कडवी न थांबता म्हणून दाखवली. मी तिथेच खलास! तिसरं कडवं असं –

वाट म्हणाली पायाला,
दमलास का रे? बैस ना!
पाय म्हणाला वाटेला,
तू हो पुढे, मी येतो ना!

काय आहे त्यात? म्हटलं तर काही नाही. पण शाळेतल्या कवितेचं असंच असतं. ती आपण पाठ करत नाही, तीच आपल्याला पाठ करते.

६ फेब्रुवारी

घरघर. खट्. घरघर. खट्. दवाखान्यातही तेच. म्हणजे, बरं का.

७ फेब्रुवारी

वरच्या मजल्यावरच्या खटपट्याला बोलावलं. बँकेच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त झालेला माणूस. घरात बिघडलेलं काही नसलं तर याला करमत नाही. आल्या आल्या माझ्या हातातलं फडकं बघून ओरडला. मी सीडी ताटासारखी गोल गोल पुसत होतो! गाणी गोल लिहिलेली असतात, ओरखडाही गोल गेला तर सबंध ओळच जाते. मधून काठाकडे सरळ पुसायचं, म्हणे. पुसलं. काही फरक नाही.

मग त्यानं टूथपेस्ट मागितली. ओरखड्यात पेस्ट भरायची, चोळायची, धुवायची – तबकडी आरशासारखी होते. मी सीडी पाठीमागे लपवली. म्हटलं, आधी तुमच्या एखाद्या तबकडीवर करून दाखवा. गेला, स्वतःची घेऊन आला, मोठ्या प्रेमानं चोळली. ड्राइव्हनं ती थुंकून टाकली.

"पेस्ट चुकीची होती," म्हणाला. लेक स्वयंपाकघरात तोंड दाबून हसत होती. हीसुद्धा हसली. हसणं शाबूत आहे, हे एक बरं.

९ फेब्रुवारी

आज कळलं की घाई हाच शत्रू. प्रोग्रामच्या आतल्या पानावर वाचायचा वेग कमी करता येतो. शिवाय दोन रीती. एक कडक – अडलेली जागा पुन्हा पुन्हा वाचायची, सगळ्या वाचनांत एकच उत्तर आलं तरच खरं मानायचं. दुसरी सैल – जे वाचता येत नाही ते सोडून द्यायचं आणि पुढे जायचं.

कडक रीत जेवणापर्यंत चालली. ड्राइव्ह इतका तापला की मी बटण दाबून सोडवला. मग सैल लावली आणि टिंग! नववं उतरलं! लेकीला हाक मारली, कानाला लावून दोघांनी ऐकलं. पहिलं कडवं स्वच्छ. दुसरं स्वच्छ. तिसरं... वाट म्हणाली पायाला, दमलास का रे, बैस ना, पाय म्हणाला वाटेला –

आणि काही नाही. भोक! घोंगडीआडच्या खोलीचा श्वाससुद्धा नाही, ठार काळोख. मग एकदम चौथं कडवं, जणू काही झालंच नाही. समोरचे दोन दात पडलेल्या माणसानं फोटोसाठी हसावं तसं.

लेक म्हणाली, झालं की! उद्याची वाट कशाला, आत्ताच आईला ऐकवू. मी म्हटलं, नाही. फाटकं गाणं हिला ऐकवायचं नाही. नेमकी तीच ओळ नसलेलं गाणं ऐकून हिला काय वाटेल? जे हिच्या तोंडातून जातंय तेच गाण्यातूनही गेलेलं? नाही. पुरतं उतरवीन तेव्हाच.

राहू दे माझ्या फोनवर, लेक म्हणाली. धाडलं. तिच्या फोनवर असलं तर असो.

१० फेब्रुवारी

आठच गाणी. पुन्हा श्रोता. बाईंनी हिच्यासमोर आरसा धरून ओठ कसे हलवायचे ते दाखवलं. 'पाणी.' बरं का. 'पाणी.' बरं का. तिसऱ्यांदा हिनं आरसा पालथा घातला.

१२ फेब्रुवारी

सापडलं! आणि सापडलं नसतं तर बरं झालं असतं.

सकाळी सीडी पुसून खिडकीकडे धरली, एखादा केस राहिलाय का बघायला. ऊन तबकडीतून आरपार आलं. सगळीकडून नाही – ओळींतून! माझं अक्षर उजेडानं लिहिल्यासारखं दिसत होतं. 'वाट म्हणाली' इथपासून 'येतो ना' पर्यंत, काठाकाठानं वळलेलं, वेलांट्यांसकट. इतकं सुंदर दिसत होतं की क्षणभर मी खूश झालो.

मग लक्षात आलं, ही भोकं माझ्याच पेननं पाडलीत.

सीडी आली तेव्हा कोरी, पांढऱ्या पाठीची होती. त्यावर नुसतं नाव काय टाकायचं? मी कवितेचं कडवंच लिहिलं, बॉलपेननं, सावकाश, जीव लावून. माझा हात कार्बनपेपरवर घडलेला. नोंदणी कार्यालयात सारं आयुष्य एका लिहिण्यात तीन प्रती काढल्या. तिसरी प्रत पुसट आली तर मोठे साहेब कागद परत पाठवायचे. तो जोर बोटांतून गेलाच नाही. इथेही मी तिसरी प्रत काढली – थेट गाण्याच्या अंगावर.

खटपट्याला दाखवलं. त्यानं समजावलं ते आता आयुष्यभर विसरणार नाही. चकचकीत बाजूला जाड प्लास्टिक असतं, तिला थोडंफार खरचटलं तरी चालतं. गाणी असतात ती वरच्या, आपण नाव लिहितो त्या बाजूला, वार्निशाच्या पापुद्र्याखाली. सीडीचं पोट टणक आणि पाठ नाजूक. मी इतके दिवस पोट चोळत बसलो होतो! गाणी आतून बाहेर लिहीत जातात, म्हणून शेवटचं गाणं काठाकडे. माझी ओळ नेमकी त्याच्या डोक्यावर.

"तुमचं अक्षर ऑफिसात नावाजलेलं होतं," खटपट्या म्हणाला. "आता तर आरपार नावाजलं." मग माझा चेहरा बघून चहा न घेताच गेला. तो चहा सोडतो म्हणजे किती वाईट असेल!

१३ फेब्रुवारी

दवाखान्यातून आल्यावर हिला खिडकीशी नेलं आणि तबकडी उन्हात धरून दाखवली. सगळं सांगितलं. हिनं डाव्या हाताचं बोट त्या उजेडाच्या ओळीवरून फिरवलं, वाचल्यासारखं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बरं का!" – शाईचा डाग पाडून वही दाखवायला आलेल्या पोराला म्हणावं, अगदी तस्सं. रागही नव्हता आणि माफीही नव्हती. पुन्हा असं करायचं नाही, एवढंच.

१५ फेब्रुवारी

नवी आशा. खटपट्या सांगून गेला की प्रत्येक ड्राइव्हची नजर वेगळी. एकाला दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं. रस्त्याच्या वळणावर कॉम्प्युटर दुरुस्त करणारा बसतो, त्याच्या फळीवर जुने ड्राइव्ह विटांसारखे रचलेत. सीडी रुमालात गुंडाळून गेलो. त्यानं एकेक जोडून पाहिला. पहिला – नाही. दुसरा – सीडी आतच अडकली. त्यानं टाचणीनं उघडून काढली. मग एक पिवळा पडलेला, दाराचा एक कान तुटलेला ड्राइव्ह. त्यानं नववं वाचलं, सैल रीतीनं, पण भोक लहान झालं! पाय म्हणाला वाटेला – शांतता – '...ना!'

'ना' आला! ओळीचं शेपूट हाताला लागलं. म्हणजे बाकीचीही आत आहे. ओढून काढता येईल.

दुकानदारानं सीडी परत देताना टेबलावर बोट ठेवलं. तिथे माशाच्या खवल्याएवढा चंदेरी कण पडला होता. "पापुद्रा सुटतोय, काका. फार फिरवू नका आता."

फिरवली नाही तर उरलेलं कसं निघणार? फिरवली तर काय उरणार?

१६ फेब्रुवारी

तो ड्राइव्ह विकत घेऊन घरी आणलाय. हात लावलेला नाही. सीडी कपाटात. दिवसभर कपाटाशी येरझारा.

१७ फेब्रुवारी

बोलक्या बाईंनी विचारलं, ते शेवटचं गाणं आणणार होतात ना? म्हटलं, तयार होतंय. लेक माझ्याकडे बघत होती. मी हिच्या पायमोज्याकडे बघत होतो.

आज हिनं आरसा घेतलाच नाही. आठ गाण्यांतलं दुसरं लागलं आणि ती चक्क पेंगली.

१८ फेब्रुवारी

राहवलं नाही. सकाळी कडक रीत लावली, वेग अगदी तळाचा. पट्टी मुंगीच्या पावलानं चालली. मी समोर बसून आकड्यांवर डोळा ठेवून. मध्येच ही काहीतरी म्हणाली – म्हणजे तेच – दोनदा, तीनदा. मी हातानं थांब म्हटलं. पट्टी भोकाच्या काठाशी आली होती. हिनं उशी खाली टाकली. मी तरी वळलो नाही.

लेक बाहेरून आली तेव्हा हिचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यात विचित्र मुडपून अडकला होता. दुखत होता. तेच सांगत होती.

लेकीनं हात सोडवला, चोळला, आईला पाणी दिलं. मग माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. "बाबा, तुम्ही त्या तबकडीशी बोलता तेवढं आईशी बोलत नाही."

मी म्हटलं, हे तिच्यासाठीच चाललंय.

"तिला विचारलंत?"

पट्टी थांबली होती. लाल अक्षरं. मी कॉम्प्युटर बंद केला.

१९ फेब्रुवारी

हिच्या हाताचे व्यायाम मीच केले. बोटं एकेक करून उघडायची, मिटायची. ही बोटं खडू धरायची. हाताची पकड मला कळते, हिच्या मनातलं कळत नाही. पूर्वी न बोलता कळायचं असं वाटायचं. आता कळतंय की तेव्हा ही फार बोलायची, म्हणून कळायचं.

२० फेब्रुवारी

दवाखाना. काही नाही. एकच आठवडा उरला.

२१ फेब्रुवारी

खटपट्याचा शेवटचा उपाय. उजेड जिथून आरपार जातो तिथे काळ्या मार्करनं भरायचं, म्हणजे ड्राइव्हची नजर भरकटणार नाही. त्यानं कुठेसं वाचलं होतं. मी लेकीला विचारलं – या खेपेला विचारलं! ती म्हणाली, तुमचं समाधान होऊ दे एकदाचं. पण शेवटचं. कबूल केलं.

हलक्या हातानं भरलं. श्वासही न घेता, मार्करला जोर न देता – सारं आयुष्य जे केलं नाही ते आज केलं. वाळू दिलं. पिवळ्या ड्राइव्हमध्ये घातली.

घरघर. घरघर. खट्सुद्धा नाही. पडद्यावर सूचना – कृपया सीडी घाला.

आत आहे! काढली, परत घातली. कृपया सीडी घाला. दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली. कृपया सीडी घाला. अरे आत आहे रे, आतच आहे, तुला दिसत नाही म्हणून ती नाही असं होत नाही!

मोठ्यानं बोललो असणार. ही आणि लेक दोघी माझ्याकडे बघत होत्या.

काढली तेव्हा काठाचा एक तुकडा खिडकीच्या काचेसारखा स्वच्छ झाला होता. पापुद्रा ड्राइव्हच्या पोटात गळला. आठ गाणी कॉम्प्युटरवर आहेत. मूळ तबकडी आता नाही.

२२ फेब्रुवारी

संपलं ते.

२४ फेब्रुवारी

बाईंना सांगून टाकलं, शेवटचं गाणं मिळणार नाही. त्या बरं म्हणाल्या. कागदावर काहीतरी लिहिलं. मी उलट्या बाजूनं वाचायचा प्रयत्न केला – कार्यालयातली सवय – पण अक्षर डॉक्टरी.

२६ फेब्रुवारी

उद्या मोठे डॉक्टर. मला पाठ असलेल्या सगळ्या कविता मी हिला म्हणून दाखवल्या, पहिलीच्या पुस्तकापासून. माझा आवाज म्हणजे फुटका माठ. ही सहन करत ऐकत होती. वाटेची कविता मात्र म्हणवेना. दोनदा सुरू केली, दोनदा सोडली.

ही झोपायला गेली तेव्हा लेक म्हणाली, बाबा, बंद झाले तास तरी आपण घरी करू. हो म्हटलं. दोघांनाही माहीत आहे की आपल्याला काही येत नाही.

२७ फेब्रुवारी

सगळं क्रमानं लिहितो. आत्ताच लिहिलं नाही तर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

मोठे डॉक्टर घाईत होते, पण वाईट माणूस नव्हेत. त्यांनी पेन दाखवलं – हे काय? बरं का. कप दाखवला. बरं का. स्वतःचं नाव सांगा, आजी. हिनं तोंड उघडलं, सगळा चेहरा त्या शब्दामागे धावला. बरं का. मान खाली. डॉक्टरांनी फाइल ओढली. बोलक्या बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

तेव्हा लेकीनं फोन काढला. एकच गाणं ऐकवते, म्हणाली. मला तत्क्षणी कळलं कुठलं. मी खुर्चीतून अर्धा उठलो. "ते नको. ते खराब आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. लावलं.

हिचा आवाज. घोंगड्यांच्या खोलीतला, घामेजलेला, ताठ. पहिलं कडवं. ही ऐकू लागली, मान डोलू लागली – तेच, श्रोत्यासारखं. दुसरं कडवं. त्या गाण्याचा कणन् कण मला पाठ, खड्डा कुठे येणार ते पाठ. वाट म्हणाली पायाला. डॉक्टरांचं लिहिणं चालू होतं. दमलास का रे, बैस ना. मी जमिनीकडे पाहिलं. फरशीला एक तडा गेलाय, भिंतीपर्यंत. पाय म्हणाला वाटेला –

शांतता. बाहेरून कुणाची तरी चाकांची गाडी गेली.

"तू हो पुढे, मी येतो ना."

फोनमधून नव्हे! मला वाटलं लेकीनं म्हटलं. लेक तोंडावर हात ठेवून उभी होती. शब्द जाड, अडखळते, 'पुढे'चा 'प' नीट फुटलेला नव्हता. पण चाल! चाल केसभरही हलली नव्हती. तेवढ्यात फोनमधल्या हिनं चौथं कडवं धरलं, आणि खुर्चीतली ही चपापली, गप्प झाली, परत ऐकू लागली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं होतं. बाई म्हणाल्या, परत लावा. लावलं. पहिलं कडवं, गप्प. दुसरं, गप्प. खड्डा आला – आणि हिनं भरला. या खेपेला त्याची वाटच बघत होती. खड्डा यायच्या आधीच ओठ उघडले होते. तिसऱ्यांदा लावलं. पुन्हा. गाताना डोळे माझ्यावर रोखलेले. मी काय करावं ते मला कळेना, म्हणून ताल धरला.

मग बाईंनी मला विचारलं, "हे भोक कुणी पाडलं, आजोबा?"

"मी. बॉलपेननं."

"बाकीच्या आठांत नाही एकही?"

नाही म्हटलं. ती अगदी बिनचूक उतरलीत.

"तरीच," बाई म्हणाल्या. "तिथे त्यांना जागाच नाही."

तास चालू राहणार. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं. हे गाणं लेकीच्या फोनवर नवव्या तारखेपासून पडून होतं. ती तसं म्हणाली नाही. म्हणायला हवं होतं.

१ मार्च

दुपारी खटपट्याकडून गाण्यात कात्री कशी चालवायची ते शिकलो. पहिलं गाणं उघडलं. स्वच्छ, एकही चूक नसलेलं. दुसऱ्या ओळीच्या शेवटचे दोन शब्द निवडले. हिला खुणेनं विचारलं – हे? हिनं नाही म्हणून मान हलवली. पुढचे? मानेनंच हो.

पुसले.